मध्यरात्रीची डाक

मुंबईत संध्याकाळी पेटीत पडलेलं पत्र दुसऱ्या दिवशी कलकत्त्यात वाटलं जायचं, आणि मधल्या रात्री ते नागपुरात उतरून विमान बदलायचं. १९४९ पासून पुढची वीसेक वर्षं हा क्रम चालला. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास या चार शहरांतून रात्री एकेक विमान निघे आणि मध्यरात्र उलटल्यावर चारही विमानं सोनेगावच्या धावपट्टीवर जमत. टपालाच्या थैल्या या विमानातून त्या विमानात जात, प्रवासी डोळे चोळत आपलं दुसरं विमान शोधत आणि पहाट व्हायच्या आत चारही विमानं आपापल्या गावाकडे परत फिरत.

नागपुरातल्या सक्करदऱ्याच्या तलावापासून सोनेगावचा विमानतळ सरळ रेषेत सात-साडेसात किलोमीटरवर आहे. रात्रीच्या शांततेत डाकोटा विमानाच्या दोन इंजिनांची घरघर एवढं अंतर सहज कापते. एरवी सक्करदऱ्याची ओळख भोसल्यांच्या वाड्यामुळे आणि त्याहून जास्त ताजुद्दीन बाबांमुळे. राजे रघुजीराव भोसल्यांनी १९०८ मध्ये बाबांना वेड्यांच्या इस्पितळातून सोडवून इथे आणलं, तेव्हापासून या भागाकडे माणसांची रीघ लागली. शहराच्या दुसऱ्या टोकाला रोज मध्यरात्री भरणारा विमानांचा हा बाजार मात्र नागपूरच्या आठवणीतून जवळजवळ पुसला गेला आहे.

नागपूरच का, याचं उत्तर नकाशा देतो. इथून मुंबई हवाई मार्गाने सुमारे ७०० किलोमीटर, दिल्ली ८५०, मद्रास ९०० आणि कलकत्ता साडेनऊशेच्या पुढे. डाकोटाचा वेग ताशी अडीचशे किलोमीटरच्या आसपास. म्हणजे कुठूनही निघा, तीन ते चार तासांत नागपूर. शून्य मैलाच्या दगडाचा अभिमान नागपूरकर मिरवतात, पण त्या दगडाचा एवढा रोकडा उपयोग दुसऱ्या कोणी क्वचितच केला असेल. जागाही तयार होती. सोनेगावचं मैदान पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस, १९१७-१८ मध्ये, ब्रिटिशांच्या हवाई दलासाठी आखलं गेलं होतं आणि दुसऱ्या महायुद्धात विमानांच्या मुक्कामासाठी त्याची पुन्हा डागडुजी झाली होती.

विमानंही युद्धाचीच. लढाई संपली तेव्हा दोस्तांच्या फौजांनी शेकडो डाकोटा भारतात मागे ठेवली आणि ती स्वस्तात विकली गेली. हवाई दलातून मोकळे झालेले तरुण वैमानिक नोकरीच्या शोधात होतेच. बघता बघता खासगी विमान कंपन्यांचं पीक आलं. या वैमानिकांची उमेदवारी साधी नव्हती. फाळणीत निर्वासितांना त्यांनी खच्चून भरलेल्या विमानांतून आणलं होतं. २७ ऑक्टोबर १९४७ ला श्रीनगरच्या धावपट्टीवर भारतीय फौज उतरवायला सुरुवात झाली, तेव्हा हवाई दलाच्या विमानांबरोबर या खासगी कंपन्यांची डाकोटाही धावली होती. हाताला सफाई होती, धाडसही होतं. कमी होती ती शिस्तशीर व्यवस्था आणि जमिनीवरच्या साधनांची.

रात्रीच्या डाकेवरून वाद पेटला तो इथेच. दळणवळणमंत्री रफी अहमद किडवाई यांना ही योजना हवीच होती. दिवसा विमानं धंद्याच्या प्रवाशांसाठी मोकळी राहतील, रात्री टपाल जाईल आणि सामान्य माणसाचं पत्र वेगळं हवाई शुल्क न देता दुसऱ्या दिवशी पोचेल, असा त्यांचा हिशेब होता. एअर इंडियाचे जे. आर. डी. टाटा यांनी उघड विरोध केला. रात्री उतरण्यासाठी लागणारे दिवे, रेडिओची साधनं, हवामानाची खबर देणारी ठाणी देशात पुरेशी नाहीत. अशा स्थितीत रोजची रात्रीची फेरी म्हणजे वैमानिक आणि प्रवासी दोघांच्या जिवाशी खेळ, असं त्यांचं म्हणणं. जेआरडी स्वतः वैमानिक. १९३२ मध्ये कराचीहून मुंबईला टपाल आणणारं पहिलं विमान त्यांनीच चालवलेलं, त्यामुळे हा आक्षेप नुसत्या हिशेबनिसाचा नव्हता. मागे वळून पाहता दोघांचंही खरं ठरलं म्हणायला हरकत नाही. योजना लोकांच्या उपयोगाची निघाली आणि तिची किंमतही मोजावी लागली.

जानेवारी १९४९ च्या शेवटी फेऱ्या सुरू झाल्या. ठेका घेणारी इंडियन ओव्हरसीज एअरलाइन्स काही महिन्यांतच गारद झाली. त्याच ऑक्टोबरात हिमालयन एव्हिएशनने काम उचललं. दरम्यान १ एप्रिल १९४९ पासून देशातलं पहिल्या वर्गाचं टपाल जादा आकाराशिवाय विमानाने पाठवायचं धोरण लागू झालं होतं, त्यामुळे नागपूरच्या थैल्या वाढतच गेल्या. कंपन्यांच्या आर्थिक दुर्दशेची चौकशी करायला १९५० मध्ये न्यायमूर्ती ग. स. राजाध्यक्ष यांची समिती नेमली गेली. देशाला एवढ्या कंपन्या पेलत नाहीत, हे समितीने स्पष्टच सांगितलं. पुढे १ ऑगस्ट १९५३ ला आठ कंपन्यांचं मिळून इंडियन एअरलाइन्स झालं आणि रात्रीची डाक सरकारी झाली.

आता प्रत्यक्ष फेरी. डाकोटाच्या कॉकपिटमध्ये तीन माणसं: डाव्या खुर्चीत कॅप्टन, उजव्या खुर्चीत सहवैमानिक आणि मागे कानाला हेडफोन लावून बसलेला रेडिओ ऑफिसर. हे विमान हवाबंद नाही, त्यामुळे वादळाच्या डोक्यावरून जायची सोय नाही. ढगांच्या उंचीवरच राहायचं आणि वाट काढायची. पाऊस लागला की काचेच्या चौकटीतून पाणी आत ठिबके. जगभरचे डाकोटावाले मांडीवर रेनकोट पसरून बसत, ते याचसाठी. दिशा सांगायला एक काटा असे. जमिनीवरचं रेडिओ-केंद्र ज्या बाजूला, तिकडे तो वळे. पण त्याची एक खोड होती. जवळपास वीज कडाडली की काटा केंद्राला सोडून विजेकडे वळायचा. नवखा वैमानिक काट्यावर भरवसा टाकून नेमका वादळाच्या पोटात शिरायचा. मुरलेला माणूस घड्याळ पाही, निघाल्यापासून किती मिनिटं झाली, वारा कुठून आहे, याचा मनात हिशेब ठेवी आणि काट्याला थोडा वेळ बाजूला ठेवी. यंत्रावर कधी विश्वास ठेवायचा आणि कधी नाही, हे पुस्तकातून येत नाही. ते शेजारी बसून शिकायचं असतं, आणि शिकवणाऱ्याने हातचं न राखता शिकवायचं असतं.

चारही मार्गांचा स्वभाव वेगळा. कलकत्त्याच्या वाटेवर मार्च ते मे कालबैसाखीची वादळं. ती संध्याकाळी उठतात आणि रात्री विमान निघायच्या वेळी ऐन रंगात असतात. मुंबईच्या वाटेवर पावसाळ्यात घाटमाथ्याला चिकटून बसलेले ढग. मद्रासच्या बाजूला बंगालच्या उपसागरातली चक्रीवादळं, आणि त्यांतली काही थेट विदर्भापर्यंत चालून येतात. दिल्लीचा त्रास उलट्या दिशेचा. नागपूरहून निघालेलं विमान तिथे पोचणार पहाटे, आणि डिसेंबर-जानेवारीत दिल्लीचं धुकं सर्वांत दाट असतं ते पहाटेच. खुद्द नागपूरही सोपं नाही. मे महिन्यात मध्यरात्रीसुद्धा इथली हवा तापलेली. गरम हवा विरळ असते, पंखांना उचल कमी मिळते, इंजिनाचा जोर कमी पडतो आणि भरलेलं डाकोटा धावपट्टीचा बराचसा भाग खाऊन मगच जमीन सोडतं.

त्यात चारही विमानं थोड्याफार फरकाने एकाच वेळी एकाच धावपट्टीवर यायची. आधी आलेला खाली, मागून आलेला त्याच्या हजार फूट वर, अशा घिरट्या घालत पाळी येईपर्यंत थांबायचं. ढगात एकमेकांचे दिवे दिसत नाहीत. आपण सांगितलेल्या उंचीवरच आहोत, याची खात्री वरच्या-खालच्या दोघांना एकमेकांच्या शब्दावरच ठेवावी लागे. सहाशे फूट खाली सरकून ‘आहे त्याच उंचीवर’ म्हणणारा माणूस इथे चालत नाही. अशा धंद्यात प्रामाणिकपणा नीतिशास्त्राच्या तासाला शिकवायची गोष्ट राहत नाही. तो उंचीमापकाइतकाच कामाचा असतो.

आणखी एक ताण कागदावर कुठे लिहिलेला नव्हता. या व्यवस्थेत एकाचा उशीर हा चौघांचा उशीर. कलकत्त्याचं विमान आलंच नाही, तर मुंबई, दिल्ली आणि मद्रासला जाणाऱ्या कलकत्त्याच्या थैल्या राहिल्या, आणि त्या तिन्ही गावांहून कलकत्त्याला जायच्या थैल्या सोनेगावला पडून राहिल्या. त्यामुळे समोर वादळ उभं असताना परत फिरणं हा एकट्या कॅप्टनचा निर्णय राहत नसे. नागपुरात तीन विमानं, तीन कॅप्टन आणि झोपमोड झालेले कितीतरी प्रवासी आपली वाट पाहत आहेत, हे त्याच्या डोक्यात असे. धडाडीने वादळातून आलेल्याची गोष्ट चहाच्या टेबलावर रंगते. परत फिरलेल्याची कोण सांगणार? पण दुसऱ्या रात्री त्याच मार्गावर त्याच विमानाने उडायला माणूस शिल्लक राहतो, तो या परत फिरणाऱ्यांमुळे.

रात्रीच्या टपालाची ही ओढाताण नागपूरची एकट्याची नव्हे. अमेरिकेत १९२१ च्या फेब्रुवारीत समुद्र ते समुद्र असं टपाल रात्रंदिवस उडवून दाखवायचं ठरलं, नाहीतर सरकार पैसे बंद करणार होतं. निघालेल्यांपैकी एक वैमानिक मरण पावला, काही हवामानाने अडकले. जॅक नाइट आपला टप्पा उडवून ओमाहाला उतरला, तर पुढचा वैमानिक आलेलाच नव्हता. शिकागोपर्यंतचा तो मार्ग त्याने कधी उडवलेला नव्हता. तरी तो निघाला, आणि मार्गावरच्या लोकांनी शेतांतून शेकोट्या पेटवून त्याला वाट दाखवली. अमेरिकन टपालखात्याने या प्रकाराला शौर्य म्हणून मिरवलं आणि पैसे मिळाले. मात्र त्याच खात्याने पुढे मार्गभर फिरते दीपस्तंभ उभारले, हा भाग गोष्टीत सहसा येत नाही. शेकोटीवर एकदा भागतं, रोज नाही. जेआरडींचं किडवाईंशी भांडण याच मुद्द्यावर होतं.

नागपूरने किंमत मोजली ती १२ डिसेंबर १९५३ च्या पहाटे. इंडियन एअरलाइन्स होऊन जेमतेम साडेचार महिने झाले होते. मद्रासकडे निघालेल्या डाकोटाने सोनेगावहून उड्डाण केलं आणि लगेचच एका इंजिनाचा जोर कमी झाला. परत उतरायच्या प्रयत्नात विमान कोसळलं. दहा प्रवासी आणि तीन कर्मचारी गेले, एकटा कॅप्टन वाचला. मृतांमध्ये लोकसभेचे सदस्य आणि कामगार चळवळीतले नेते हरिहरनाथ शास्त्री होते.

दोन इंजिनांच्या विमानात उड्डाणानंतर लगेच एक इंजिन गेलं तर काय होतं, हे जरा जवळून पाहायला हवं, कारण वैमानिकाची सारी तालीम त्या अर्ध्या मिनिटात पणाला लागते. एका बाजूचा जोर गेला की विमान त्या बाजूला फिरू लागतं. ते सरळ ठेवायला दुसऱ्या बाजूच्या पायाने रडर दाबून धरावा लागतो, आणि डाकोटाचा रडर पायात गोळे आणतो. जुना आडाखा असा, की जो पाय मोकळा त्या बाजूचं इंजिन मेलेलं. मग त्या इंजिनाच्या पंख्याची पाती फिरवून त्यांची धार वाऱ्याच्या दिशेला करायची, म्हणजे तो पंखा वारा अडवत नाही. वैमानिक याला फेदर करणं म्हणतात. चुकून चांगल्या इंजिनाचा खटका ओढला तर सगळंच संपलं. म्हणून हात खटक्यावर ठेवायचा, मोठ्याने ‘डावं’ किंवा ‘उजवं’ म्हणायचं, आणि शेजाऱ्याने पाहून ‘बरोबर’ म्हटल्यावरच ओढायचा. इंजिन पूर्ण बंद पडण्यापेक्षा अर्धवट धुगधुगणं जास्त वाईट. ते चालू ठेवावं की सोडून द्यावं, या विचारात सेकंद जातात, वेग घटतो, आणि घटलेल्या वेगात जमिनीजवळ तीव्र वळण घेतलं तर पंख उचल सोडतात. दिवसा निदान क्षितिज दिसतं. डिसेंबरच्या अंधाऱ्या पहाटे सोनेगावच्या बाहेर शेतंच शेतं, दिवा एखाददुसरा.

अपघातानंतरही फेऱ्या थांबल्या नाहीत. डाकोटाच्या जागी चार इंजिनांची स्कायमास्टर आली, पुढे व्हायकाउंट. व्हायकाउंट हवाबंद होतं, ढगांच्या वरून जाई. रात्रीचं तिकीट दिवसाच्यापेक्षा स्वस्त, म्हणून मध्यमवर्गीयांचा पहिला विमानप्रवास पुष्कळदा या डाकेच्या विमानातूनच झाला, आणि नागपूर म्हटलं की रात्री दोनचा चहा एवढंच आठवणारी एक पिढी देशभर तयार झाली. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला, तेलाचे भाव भडकले त्या सुमारास, ही सेवा बंद पडली. तोवर जेट विमानं थेट मुंबईहून कलकत्त्याला जाऊ लागली होती, मध्ये थांबायचं कारणच उरलं नव्हतं.

वैमानिकी विद्येत खरा बदल झाला तो त्यानंतर, आणि तोही एका अपघाताने. २७ मार्च १९७७ ला टेनेरिफच्या धावपट्टीवर दोन जम्बो विमानं एकमेकांवर आदळली आणि ५८३ माणसं मेली. उड्डाणाची परवानगी मिळायच्या आधीच निघालेला डच कॅप्टन त्याच्या कंपनीतला सर्वांत नामांकित प्रशिक्षक होता. कॉकपिटमध्ये शंका काढली गेली होती, पण ती दबक्या आवाजात, आणि कॅप्टनने ती झटकून टाकली. त्यानंतर जगभरच्या कंपन्या एक नवी गोष्ट शिकवू लागल्या: कॅप्टनने विचारायचं, हाताखालच्याने स्पष्ट बोलायचं, आणि बोललेलं ऐकून घ्यायचं. कौशल्य एकट्याच्या हातात राहत नाही, ते दोन खुर्च्यांच्या मध्ये असतं, हे मान्य व्हायला विमानविद्येला पाऊणशे वर्षं लागली.

नागपूरचं नाव या गोष्टीत पुन्हा आलं ते ऑगस्ट २०२० मध्ये. कॅप्टन दीपक साठे यांचं कुटुंब नागपूरचं. राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी, हवाई दल अकादमीत मानाची तलवार, लढाऊ विमानं, हिंदुस्थान एरोनॉटिक्समध्ये चाचणी वैमानिक आणि मग नागरी सेवा, असा त्यांचा प्रवास. याहून चोख वैमानिकी सहसा सापडणार नाही. ७ ऑगस्टच्या संध्याकाळी ते करोनाकाळातल्या ‘वंदे भारत’ मोहिमेतलं दुबईचं विमान घेऊन कोळिकोडला आले, विमानात १९० माणसं. मुसळधार पाऊस, डोंगरमाथ्यावरची धावपट्टी. पहिल्या प्रयत्नात त्यांच्या बाजूचा वायपर बंद पडला, तेव्हा त्यांनी उतरणं सोडून विमान पुन्हा वर नेलं. दुसऱ्या बाजूने, पाठीवर वारा घेऊन, उतरताना विमान निम्मी धावपट्टी ओलांडून टेकलं आणि टोकावरून खाली दरीत गेलं. दोन्ही वैमानिकांसह २१ जणांचा मृत्यू झाला.

त्या आठवड्यात समाजमाध्यमांवर गोष्ट फिरली, की कॅप्टनने तीन घिरट्या घालून इंधन संपवलं आणि शेवटच्या क्षणी इंजिन बंद करून प्रवाशांना वाचवलं. नागपुरातही ती आदराने सांगितली गेली, आणि ते समजण्यासारखं आहे. वर्षभराने आलेल्या चौकशी अहवालात मात्र या गोष्टीला आधार मिळाला नाही. सहवैमानिकाने ‘गो अराउंड’, म्हणजे उतरणं सोडून पुन्हा वर चला, असं म्हटलं होतं, तरी उतरणं चालूच राहिलं. आणि सहवैमानिकाने सूत्रं स्वतःच्या हातात घेतली नाहीत, असं अहवाल म्हणतो. दोघांमधल्या अनुभवाच्या आणि दर्जाच्या अंतरावरही त्याने बोट ठेवलं.

अहवालातली आणखी एक नोंद रात्रीच्या डाकेची आठवण ठेवणाऱ्याला थबकवते. दुसऱ्या दिवशी सकाळी कोळिकोडहून निघणाऱ्या विमानासाठी तिथे पुरेसे कॅप्टन नव्हते, आणि आपण दुसरीकडे उतरलो तर ती फेरी अडेल हे साठे यांना माहीत होतं. माणूस बेफिकीर होता म्हणून नव्हे, उद्याचं काम आणि सहकाऱ्यांची अडचण त्याच्या मनात होती म्हणूनही तो पुढे जातो. सोनेगावला तीन विमानं वाट पाहत असताना वादळाकडे तोंड करून उडणाऱ्या डाकोटाच्या कॅप्टनला हे ओझं ओळखीचं वाटलं असतं.

फरक आहे तो उजव्या खुर्चीत. कॅप्टनने ‘गो अराउंड’ची हाक मानली नाही तर सहवैमानिकाने विमान स्वतःच्या ताब्यात घ्यावं, हा आज लेखी नियम आहे आणि सिम्युलेटरमध्ये त्याची तालीमही होते. नागपूरच्या डाकोटांत उजवीकडे बसणाऱ्या तरुणाला डाव्या खुर्चीतल्या ज्येष्ठाच्या हातून विमान काढून घ्यायला कोणी शिकवलं नव्हतं. २०२० मध्ये शिकवलेलं होतं, आणि तरी तो हात पुढे झाला नाही.